एडिस्टोकाठचा घाणा

"चमचा उलटा कर," आजी म्हणाल्या.

मी केला. पीठ पडलं नाही. चमच्याला धरून राहिलं आणि जरा वेळाने जड थेंबासारखं खाली लोंबायला लागलं.

"आता झालं. हे लगेच ओघळलं असतं तर तेलात पसरलं असतं. हललंच नसतं तर दगड झाले असते."

मग त्यांनी कढईकडे बोट दाखवलं. कढई म्हणजे ओतीव लोखंडाचं खोल भांडं, त्यांच्या सासूबाईंचं. त्यात अर्ध्या तासापूर्वी मासे तळून झाले होते आणि तेच तेल पुन्हा तापत होतं. चमचाभर पीठ आत सोडलं. ते बुडालं, तळाशी क्षणभर थांबलं, भोवती बुडबुड्यांची झालर घेऊन वर आलं आणि एक बाजू लाल झाल्यावर कुणी हात न लावता आपणहून उलटलं. सोलापूरला आईच्या भज्यांच्या घाण्यापाशी उभं राहून जो वास मी लहानपणी घेतला, तोच वास त्या परक्या स्वयंपाकघरात पसरला. बेसनाच्या जागी मका होता, एवढाच फरक.

हे अमेरिकेच्या दक्षिणेतल्या नॉर्थ कॅरोलायनातलं गाव. शेजारच्या या आजी ८१ वर्षांच्या, कृष्णवर्णीय, दक्षिणेतच जन्मलेल्या आणि वाढलेल्या. तिथल्या रीतीप्रमाणे मी त्यांना 'मॅम' म्हणते, त्या मला 'बेबी' म्हणतात. मनात मात्र पहिल्या दिवसापासून त्या आजीच आहेत. त्यांनी मला जे शिकवलं त्याला तिकडे हशपपी म्हणतात. मक्याच्या भरडसर पिठाचे, कांदा घातलेले, लिंबाएवढे गोळे. तळलेल्या माशासोबत किंवा धुरावर शिजवलेल्या डुकराच्या मांसासोबत ते टोपलीत येतात. आपल्याकडे वरणभाताशेजारी पापड-कुरडई येते ना, तशी त्यांची जागा. पान त्यांच्यासाठी वाढलेलं नसतं, पण ते नसले की पानात काहीतरी कमी आहे हे लगेच कळतं.

आपल्याकडे 'हश पपीज' म्हटलं की बूट आठवतात. बाटाच्या दुकानात मिळणारे, मऊ चामड्याचे, लांब कानांच्या कुत्र्याचं चित्र असलेले. तो ब्रँड १९५८ मध्ये अमेरिकेत सुरू झाला आणि त्याला नाव मिळालं ते या गोळ्यांवरून. तिकडच्या बोलीत दुखणाऱ्या पायांना भुंकणारे कुत्रे म्हणायची पद्धत होती. हशपपी कुत्र्याला गप्प करते, तसे हे बूट पायांना गप्प करतील, असा तो विचार. बूट जगभर गेले, नावाचा मूळ मालक मागे दक्षिणेतच राहिला.

आणि मूळ नावाची गोष्ट? ती तिथल्या प्रत्येक खानावळीच्या मेनूकार्डावर छापलेली असते. शिकारी रात्री शेकोटीपाशी मासे तळत, कुत्रे भुंकत, मग कुणीतरी मक्याच्या पिठाचा गोळा तळून त्यांच्यापुढे टाकी आणि म्हणे, गप रे पिल्ला. दुसऱ्या गोष्टीत शिकाऱ्यांच्या जागी यादवी युद्धातले दक्षिणेचे सैनिक असतात. जवळ शत्रू आलाय, कुत्र्यांनी भुंकू नये म्हणून हे गोळे. तिसरी गोष्ट न्यू ऑर्लीन्सच्या ख्रिस्ती जोगिणींची. मी या तिन्ही गोष्टी वर्षानुवर्षं ऐकल्या आणि पाहुण्यांना रंगवून सांगितल्याही.

त्या दिवशी आजींना विचारलं. त्यांनी झाऱ्यावरचं तेल निथळू दिलं, मग म्हणाल्या, "आमच्या घरी पीठ मोजून यायचं. मुलांनाच पुरत नव्हतं. कुत्र्याला कोण टाकणार होतं?"

हा लेख त्या एका वाक्यातून निघाला.

*

पीठ मोजून येणं ही त्या भागातली फार जुनी गोष्ट आहे. फ्रेडरिक डग्लस यांनी १८४५ मध्ये आपलं आत्मचरित्र छापलं. गुलामगिरीतून पळून सुटलेला हा माणूस पुढे अमेरिकेतल्या थोर वक्त्यांपैकी एक झाला. मेरीलँडमधल्या ज्या मळ्यावर त्यांचं बालपण गेलं, तिथला शिधा त्यांनी नोंदवून ठेवला आहे. मोठ्या माणसाला महिन्याला ८ पौंड डुकराचं मांस किंवा तेवढीच मासळी आणि एक बुशेल मक्याचं पीठ. बुशेल म्हणजे सुमारे ३५ लिटरचं माप. मुलांना उकडलेल्या पिठाची घट्ट पेज लाकडी कुंडात ओतून मिळायची. भोवती बसून कुणी शिंपल्याने, कुणी नुसत्या हाताने ती ओरपायची. जो भरभर खाईल त्याला जास्त.

या शिध्यातल्या मक्याचे जे पदार्थ झाले ते भांड्यांवरून ठरले. भांडं नसेल तर पीठ मळून निखाऱ्याच्या राखेत भाजायचं, वरची राख झटकायची आणि खायचं, हा ॲशकेक. लोखंडाचा पत्रा किंवा तवा असेल तर होकेक. होकेकबद्दल मला विशेष माया आहे, कारण ती सरळसरळ भाकरी आहे. मक्याच्या पिठात ग्लुटेन नाही, ज्वारीच्या पिठात नाही. म्हणून दोन्हीकडे उपाय एकच: आधणाचं पाणी. आमच्याकडे पिठाची विरी गेली की आई उकळीचं पाणी घालून ते चमच्याने हलवायची आणि कोमट झालं की मळायची. आजी होकेकसाठी नेमकं तेच करतात. गरम पाण्याने पिठातला स्टार्च थोडा शिजतो, चिकट होतो आणि कडा न तुटता गोल जमतो. आजी तो थापत नाहीत, पातळसर ठेवून तव्यावर पसरतात आणि चरबीत दोन्ही बाजूंनी परततात. पहिले राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांची न्याहारी म्हणजे लोणी आणि मधात बुडालेले होकेक, असं त्यांच्याच घरात वाढलेल्या सावत्र नातीने लिहून ठेवलंय. ते होकेक करणारे हात माउंट व्हर्ननच्या स्वयंपाकघरातल्या गुलामांचे होते.

भरपूर तेलात तळणं ही मात्र चैन होती. घाणा काढायचा तर कढईभर चरबी हवी, आणि ती रोजच्या शिध्यात कुठून येणार? ती असायची मासे तळण्याच्या दिवशी. नदीवर सगळे जमलेत, कुणी डुकराची चरबी आणली आहे, मासे तळून झालेत, तेल गरम आहे आणि त्याला माशाची चव लागलेली आहे. अशा वेळी मक्याचं पीठ भिजवून त्यात चमच्याने सोडायला फार डोकं लागत नाही. पण कुणीतरी ते पहिल्यांदा नीट केलं आणि त्याला नाव मिळालं. त्या माणसापर्यंत जाता येतं.

*

चार्ल्स्टनचे रॉबर्ट मॉस हे खाद्येतिहासाचे अभ्यासक. दक्षिणेतल्या जुन्या वर्तमानपत्रांच्या फायली चाळून त्यांनी हशपपीचा माग काढला, तेव्हा त्यांना शिकारी सापडले नाहीत, सैनिक सापडले नाहीत. सापडला तो साउथ कॅरोलायनातल्या बांबर्गजवळ, एडिस्टो नदीच्या काठी, कॅनन्स ब्रिज या पुलापाशी मासे तळणारा एक माणूस: रोमिओ गोव्हन. जन्म गुलामगिरीतला. स्वतंत्र झाल्यावर त्यांनी नदीकाठी जागा केली आणि मासळीच्या हंगामात ते तिथे मेजवान्या घालायला लागले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांची कीर्ती एवढी होती की राज्यातले पुढारी आवर्जून येत आणि वर्तमानपत्रं त्यांच्या जेवणाची वर्णनं छापत. त्या वर्णनांत माशाबरोबर एक पदार्थ येतो: रेड हॉर्स ब्रेड. म्हणजे आज ज्याला हशपपी म्हणतात तोच. पीठ, पाणी, मीठ, अंडं. चमच्याने गरम चरबीत, मासे काढल्यावर. गोव्हन १९१५ मध्ये वारले.

रेड हॉर्स हा घोडा नव्हे, मासा आहे. तांबूस परांचा, नदीच्या तळाशी चरणारा आणि भयंकर काट्यांचा. त्याच्या अंगावर धारदार सुरीने जवळजवळ चिरा पाडतात म्हणजे तळताना बारीक काटे कुरकुरीत होऊन खाता येतात. आपल्या रोहू-कटल्याच्या काट्यांशी ज्यांचं भांडण झालंय त्यांना हे लगेच समजेल, आणि त्यात आश्चर्य नाही, कारण रेड हॉर्स आणि रोहू प्राणिशास्त्राच्या एकाच गणात येतात. या माशासोबत खायचा पाव, म्हणून रेड हॉर्स ब्रेड. नाव इतकं साधं आणि खरं आहे.

मग हशपपी कुठून आलं? जॉर्जिया आणि फ्लोरिडाकडे या गोळ्यांना त्या नावाने ओळखत. 'हश पपी' हे शब्द कुणाला तरी गप्प करणं, एखादी गोष्ट दाबून टाकणं या अर्थाने बोलीत आधीपासून होतेच. पदार्थाला ते नंतर चिकटले. दोन नावं काही काळ शेजारीशेजारी राहिली, मग गमतीचं नाव जिंकलं. नावाला गोष्ट हवी म्हणून कुत्रे आले, शिकारी आले, सैनिक आले. हे सगळं एका बाजूने पाहिलं तर निरुपद्रवी आहे. कुठल्या पदार्थाला दंतकथा नसते? पण मला ते निरुपद्रवी वाटत नाही. कुत्र्यांची गोष्ट आली आणि कढईपाशी उभा असलेला माणूस गोष्टीतून गेला. पदार्थ कुणी 'केला' असं उरलं नाही, तो कुणीतरी 'टाकला' असं झालं.

मागच्या वसंतात मी बांबर्गला जाऊन आले. एडिस्टोचं पाणी काळं आहे, म्हणजे घाण नव्हे. पानांचा नि सालींचा अर्क उतरून त्याला कोऱ्या चहाचा रंग येतो. ओंजळीत घेतलं तर स्वच्छ. काठाला सायप्रसची झाडं पाण्यातच उभी, फांद्यांवरून करड्या शेवाळाच्या जटा लोंबलेल्या. एक म्हातारा माणूस नात घेऊन गळ टाकून बसला होता. मी विचारलं, रेड हॉर्स मिळतो का? "मिळतो. हल्ली खाणारं कुणी नाही," तो म्हणाला. "काटे काढायला वेळ कुणाला आहे?" मी गोव्हन यांचं नाव घेतलं. त्याने ऐकलं नव्हतं. ते कोण होते, हे मी सांगितलं, तेव्हा त्याने नातीला हाक मारली आणि मला पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं.

*

मक्याबद्दल बोलायचं आणि पेलाग्रा या रोगाबद्दल बोलायचं नाही हे मला जमणार नाही, कारण तो धागा थेट माझ्या गावापर्यंत येतो.

मका माणसाळवला मेक्सिकोच्या माणसांनी, सुमारे ९,००० वर्षांपूर्वी. त्यांनी त्याला खायचं कसं हेही शोधलं: दाणे चुन्याच्या निवळीत किंवा राखेच्या पाण्यात शिजवायचे, मग वाटायचे. सालं सुटतात, चव बदलते आणि दाण्यात बांधलेलं नायसिन हे जीवनसत्त्व मोकळं होतं. अमेरिकेच्या आग्नेय भागातले चेरोकी लोकही लाकडाच्या राखेचं पाणी वापरत. आजही नॉर्थ कॅरोलायनाच्या डोंगरात त्यांच्या वस्तीत राखेने सोललेल्या मक्याची, आत घेवड्याचे दाणे घातलेली, पानात गुंडाळून उकडलेली भाकर होते. गोऱ्यांनी दाणा घेतला, राखेची विद्या मात्र पुरती घेतली नाही. पुढे यांत्रिक गिरण्या आल्या. पीठ टिकावं म्हणून त्यांनी दाण्यातला अंकुर काढून टाकला, आणि सूतगिरण्यांच्या वस्त्यांतली, कुळाने शेती करणारी गरीब माणसं त्याच पिठावर, काकवीवर आणि चरबीवर जगायला लागली.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दक्षिणेत पेलाग्रा पसरला. अंगावर उन्हाने भाजल्यासारखे चट्टे, गळ्याभोवती तर माळ घातल्यासारखे. मग जुलाब, मग भ्रम, मग मरण. डॉक्टर म्हणाले, संसर्ग आहे. १९१४ मध्ये सरकारने डॉ. जोसेफ गोल्डबर्गर यांना पाठवलं. त्यांनी पाहिलं की वेड्यांच्या इस्पितळात रोग्यांना तो होतो, परिचारिकांना होत नाही. दोघं राहतात एकाच छपराखाली, जेवतात वेगळं. १९१५ मध्ये मिसिसिपीतल्या तुरुंगाच्या शेतावर, माफीच्या बोलीवर तयार झालेल्या ११ कैद्यांना त्यांनी मक्याचं पीठ, भात, सिरप यांवर ठेवलं. काही महिन्यांत सहा जणांना पेलाग्राची लक्षणं दिसली. तरी लोकांना पटेना, म्हणून १९१६ मध्ये गोल्डबर्गर यांनी स्वतःला, सहकाऱ्यांना आणि पत्नीलाही रोग्यांचं रक्त आणि मळ यांतून संसर्ग व्हावा असे प्रयोग करवून घेतले. कुणालाच रोग झाला नाही. ते १९२९ मध्ये गेले. हा रोग नायसिनच्या अभावाने होतो, हा उलगडा १९३७ मध्ये झाला.

आता सोलापूर. दख्खनच्या पठारावर मका नव्हे, ज्वारी खातात. तरीही इथल्या ज्वारीवरच जगणाऱ्या गरिबांत पेलाग्रा सापडत होता. हैदराबादच्या पोषण प्रयोगशाळेत डॉ. सी. गोपालन आणि डॉ. एस. जी. श्रीकांतिया यांनी त्याचा अभ्यास केला आणि ज्वारीत ल्युसिन हे अमिनो आम्ल जास्त असण्याशी त्याचा संबंध असावा, अशी मांडणी १९६० मध्ये 'लॅन्सेट'मध्ये केली. ज्वारीची भाकरी वाईट, असा त्याचा अर्थ नव्हे. भाकरीशेजारी डाळ, शेंगदाणे, भाजी, ताक असलं की तीच भाकरी माणूस उभा करते. प्रश्न शेजारी काही नसण्याचा आहे. मक्याचंही तसंच. माशात नायसिन भरपूर असतं. म्हणजे गोव्हन यांच्या पानात जे होतं, तळलेला मासा आणि त्याच्या तेलातला मक्याचा गोळा, ते चवीपलीकडेही एकमेकांना पुरं पडत होतं. हे त्यांना ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. पण "नुसत्या पिठावर आमच्याकडची माणसं वेडी व्हायची," असं आजींची आई सांगायची. पिठाबद्दलचं हे ज्ञान पुस्तकातून आलेलं नव्हतं.

*

आज नॉर्थ कॅरोलायनात हशपपी खायची तर मुख्य घरं दोन. समुद्रकाठी कॅलाबॅश नावाचं छोटं गाव आहे, साउथ कॅरोलायनाच्या सीमेला टेकलेलं. १९४० च्या सुमारास तिथे मासे तळणाऱ्या खानावळी सुरू झाल्या आणि पातळ आवरणाच्या, पटकन तळलेल्या मासळीला 'कॅलाबॅश पद्धत' असं नावच पडलं. दुसरं घर म्हणजे आतल्या भागातलं लेक्सिंग्टन. तिथे हिकरीच्या लाकडावर तासन्‌तास शिजलेला डुकराचा खांदा, व्हिनेगर-टोमॅटोचं पातळ कालवण, लालसर कोबी आणि शेजारी हशपपी. नदीकाठच्या माशाचा पदार्थ मांसाच्या पानात आणण्याचं श्रेय वॉर्नर स्टेमी या खानावळवाल्यांना देतात. तिथले गोळे गोल नसतात, बोटाएवढे लांबट आणि वाकडे असतात, कारण आपल्या सोऱ्यासारखं एक यंत्र पीठ ढकलतं आणि तुकडे तेलात पडतात. चव चांगली असते. पण बहुतेक ठिकाणी साखर फार.

साखरेवरून दक्षिणेत जो वाद चालतो तो ऐकला की आपल्याकडचा आमटीत गूळ घालावा की नाही हा वाद आठवतो. आजींच्या मते मक्याच्या पिठात साखर घालणारा माणूस चांगलं पीठ खाल्लेला नसतो. हे पटायला मला ग्रीन्सबरोजवळच्या ओक रिजला जावं लागलं. तिथली 'ओल्ड मिल ऑफ गिल्फर्ड' ही गिरणी १७६७ पासूनची. पाण्याचं मोठं चाक आणि दगडाची पाळी अजून चालतात. पोलादी रुळांखाली पीठ गरम होतं, अंकुर आधीच गेलेला असतो. दगडाखालच्या पिठात अंकुर असतो, म्हणून त्याला तेलाचा, ताज्या कणसाचा गोडसर वास येतो, आणि म्हणूनच ते फ्रिजमध्ये ठेवावं लागतं, नाहीतर खवट होतं. तिथून आणलेल्या पिठाचा पहिला घाणा मी साखर न घालता काढला, आणि साखरेची आठवणही झाली नाही. जात्यावरच्या पिठाची भाकरी ज्यांनी खाल्ली आहे त्यांना यापुढे काही सांगायला नको.

*

आता घरी. महाराष्ट्रात हे करायचं तर पहिली अडचण दुकानात येते. 'कॉर्न फ्लोअर' म्हणून जी पांढरी, बोटांत कचकचणारी पूड मिळते ती निव्वळ स्टार्च, ती इथे चालत नाही. मक्याच्या रोटीचं पिवळं पीठ चालतं, पण ते फार बारीक असतं. त्यात एक तृतीयांश मक्याचा रवा मिसळला तर दाताला हवा तो रवाळपणा येतो. सगळ्यात चांगलं म्हणजे वाळका मका घेऊन गिरणीत जायचं आणि थालीपिठाच्या भाजणीपेक्षा जाडसर दळून आणायचं. गिरणीवाले कुरकुरतात. त्यांना घाणा झाल्यावर चार गोळे नेऊन द्यावेत.

पीठ २०० ग्रॅम, मैदा ७५ ग्रॅम. मैदा नको असेल तर कणीक घ्या, पण काहीतरी गहू हवा. नुसत्या मक्याला धरून ठेवणारं काही नसतं आणि गोळा तेलात फुटतो. बेकिंग पावडर दीड छोटा चमचा, खाण्याचा सोडा पाव, मीठ एक. एक मध्यम कांदा अगदी बारीक चिरून. एक अंडं. आणि ताक. इथे आपण तिकडच्यांपेक्षा भाग्यवान आहोत. त्यांचं बाटलीतलं बटरमिल्क दाट, आंबट असतं. आपण तीन भाग आंबट दही आणि एक भाग पाणी घुसळलं की तेच तयार होतं. असं २४० मिली लागेल, पण सगळं एकदम ओतू नये. ताकाचा आंबटपणा आणि सोडा भेटले की लगेच वायू सुटायला लागतो, त्यामुळे भज्यांच्या पिठासारखं फेटत बसायचं नाही. कोरडं एकत्र, ओलं एकत्र, मग दोन्ही जेमतेम मिसळायचं आणि पंधरा मिनिटं झाकून ठेवायचं. ही पंधरा मिनिटं टाळली तर रवाळ कण कोरडेच राहतात आणि दाताखाली वाळूसारखे लागतात. झाकण काढल्यावर पीठ घट्ट झालेलं दिसेल. ताकाचा एखादा हबका मारून चमचा उलटा करून बघा.

मोहन घालायचं का? मी घालायची, आईच्या सवयीने. आजींनी ते पाहिलं आणि पुढच्या घाण्याला घालू दिलं नाही. मोहनाने चकली खुसखुशीत होते, पण हा गोळा आतून मऊ, जाळीदार हवा. त्याचा कुरकुरीतपणा पिठातून येतो.

तेल शेंगदाण्याचं, अमेरिकेच्या दक्षिणेतही मोठे घाणे त्यातच काढतात. तापमापक असेल तर १७५ ते १८५ अंश. नसेल तर पिठाचा थेंब टाकावा; तो तळाशी जाऊन लगेच वर आला पाहिजे. वर तरंगतच राहिला आणि काळा पडला तर आच कमी करा. खाली बसून राहिला तर थांबा, घाई करून टाकलेला घाणा तेल पितो. एका वेळी सहा-सात गोळ्यांपेक्षा जास्त नकोत, गर्दी झाली की तेल गार पडतं. तीन मिनिटं लागतात. ते आपणहून उलटतात, कारण तळलेली बाजू वाफेने हलकी होते आणि ओली, जड बाजू खाली जाते. एखादा हट्टी असतो, त्याला झाऱ्याने हलकेच ढकला. कागदावर नव्हे, जाळीवर काढा, खालून वाफ धरली की कवच सैल पडतं.

आणि मासा आधी. हे मी शेवटी सांगते, पण आजींच्या घरी हाच पहिला नियम आहे. मासा तळून तेल गाळून घ्यायचं, तळाचा जळका चुरा काढायचा आणि मग पीठ सोडायचं. मासे न खाणाऱ्यांनी ताज्या तेलात कांद्याच्या दोन पाकळ्या आणि मिरची तडतडवून काढून टाकावी. तोही पदार्थ चांगला होतो, पण वेगळा होतो.

*

उन्हाळ्यात सोलापूरला गेले तेव्हा भाऊ उजनीचा रोहू घेऊन आला. मी पाठीवर चिरा पाडल्या, दोन-दोन मिलिमीटरवर, आडव्या, कण्यापर्यंत. आई बघत होती. "एवढं चिरतात का कुणी?" मासा तळून झाला. पीठ भिजवलेलं होतंच. मी चमचा घेतला, दोन गोळे सोडले, तिसरा फिसकटला. आईने मला बाजूला केलं, हात ओला केला आणि बोटांच्या टोकांनी भजी सोडावीत तसं भराभर सोडत गेली. सहा गोळे, सहाही गोल. कढईत ते वर आले आणि एकामागून एक उलटले.

पहिला घाणा तिने सवयीने देवापुढे ठेवायला बाजूला काढला, मग माशाचं तेल आठवलं आणि थबकली. वाटीतले दोन उचलून मला दिले.

"काय म्हणतात याला?"

हशपपी, असं तोंडात आलं होतं. "रेड हॉर्स ब्रेड," मी म्हटलं.

"कुणाचं आहे?"

मी सांगितलं. एडिस्टो, पूल, रोमिओ गोव्हन. ती ऐकत होती आणि दुसरा घाणा सोडत होती. तिला नाव नीट घेता येईना, तिने दोनदा विचारून घेतलं.

रात्री आजींना फोन केला. तिकडे सकाळ होती. मी म्हटलं, मॅम, आमच्या नदीच्या माशाच्या तेलात केले. त्यांचा पहिला प्रश्न होता, "काट्यांचा होता का?"

"फार काट्यांचा."

"आणि चिरला होतास?"

"कण्यापर्यंत."

"बरं," त्या म्हणाल्या. मग आईला फोन द्यायला सांगितलं. दोघींना एकमेकींची भाषा येत नाही. आईने फोन कानाला लावला आणि मोठ्याने, सावकाश, शिकल्यासारखं ते नाव म्हणून दाखवलं: रोमिओ गोव्हन.